तांबं, चीर आणि पहाटेचे चार एकवीस

मी विठ्ठलवाडीचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमच्या चाळीतल्या फळीवरचा तांब्याचा हंडा आईच्या उशाशी येऊन आदळला. कोयनेचा भूकंप. मी तेव्हा नऊ वर्षांचा. पुढे भूशास्त्र शिकलो आणि नोकरीची बरीच वर्षं गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत काढली. निवृत्त होऊन परत आलो तसे शेजारीपाजारी दगडांबद्दल, भूकंपांबद्दल विचारू लागले. त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

१. हिरवा खडा दिसला की हुरळू नका.
अंबरनाथ-बदलापूरकडून कुणी ना कुणी हिरवा खडा घेऊन येतोच. "काका, तांबं ना हे?" बहुधा नसतंच. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत मागाहून सेलाडोनाइट नावाचं मातकट हिरवं खनिज बसलं. त्याचा हिरवेपणा लोखंडाचा. तांब्याचा हिरवा खडा तो मॅलाकाइट. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब सोडला की फसफसतो, आणि त्या ओल्या जागी लोखंडी पातं घासलं की पात्यावर लालसर तांबं चढतं. नुसत्या फसफसण्यावर जाऊ नये, चुनखडीही फसफसते. विठ्ठलवाडीत माझं पातं अजून एकदाही लाल झालेलं नाही.

२. खडकापेक्षा त्याच्या चिरा बघा.
मलाजखंडचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा. त्यात धनुष्यासारखी वाकलेली गारेची (क्वार्ट्झची) पट्टी आहे आणि तांबं मुख्यतः तिच्यात. ते आलं कसं? खोलातून चढणाऱ्या गरम, खारट पाण्यात विरघळून. वर वाट नसली की पाण्याचा दाब साठत जातो, मग खडक तडकतो. चीर उघडताच दाब झपकन उतरतो आणि पाण्याला पोटातला ऐवज पेलवेनासा होतो. गार आणि चाल्कोपायराइट हे तांब्याचं पिवळंधमक खनिज तिथेच बसतात, चीर बुजते, दाब पुन्हा साठू लागतो. अशा शिरा कोअरमध्ये, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दांड्यात, आडव्या कापल्या गेल्या की पापुद्र्यासारखे थर दिसतात. एकेक थर म्हणजे एकेकदा तडकणं. त्यांतले काही त्या काळचे भूकंपच असणार. हे थर पहिल्यांदा भिंगाखाली पाहिले त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं.

३. मोडका कोअर टाकून देऊ नका.
ही माझी चूक. एका दुसऱ्या कामावर ड्रिलमधून काही मीटर नुसता चुराच वर आला. बाकीचा माल ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. मी वहीत 'खनिज नाही' असं लिहून मोकळा झालो. पुढे शेजारीच दुसरं भोक घेतलं तर त्याच भुगा झालेल्या पट्ट्यात चांगलं तांबं निघालं. 'दिसलं नाही' असं लिहायला हवं होतं. तेव्हा वरिष्ठ जे बोलले ते इथे छापण्याजोगं नाही, पण चुकीचंही नव्हतं.

४. हादरे बसतात म्हणून तांबं असेलच असं नाही.
चिलीचं उदाहरण सगळे देतात. तिथे समुद्राचा तळ खंडाखाली सरकतो. त्यातूनच मॅग्मा, चुकिकामाटासारख्या खाणी आणि २२ मे १९६० चा ९.५ तीव्रतेचा भूकंप. पण पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून हादऱ्यांची मालिका लागली, तिथे मॅग्मा नाही आणि खाणही नाही. उलट चंद्रपूरच्या ठाणेवासन्याला तांबं आहे, आणि तिथली जमीन तुलनेने शांत. तिथल्या चिरा फार जुन्या, केव्हाच बुजलेल्या.

५. पाण्याला कमी लेखू नका.
कोयनेचं धरण भरल्यावर त्या भागात हादरे वाढले. पाण्याचं वजन आणि चिरांत मुरणारा दाब, दोन्ही त्याला कारण धरतात. मलाजखंडला जे काम गरम पाण्याने केलं, त्याचंच थंड भावंड म्हणा. कोयना परिसरात गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक घेतलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या सुमारास काळा दगड संपून ग्रॅनाइट लागला. म्हणजे लाव्ह्याच्या गोधडीखाली म्हातारा खडक आहे, आणि तो चिरलेला आहे.

६. घड्याळावर विसंबू नका.
कोयनेचा धक्का पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी बसला. २२ मे १९९७ ला मी मलाजखंडला होतो. जबलपूरच्या भूकंपाने खाट हलली, तेव्हाही ४ वाजून २१ मिनिटंच. तारीख पुन्हा चिलीचीच! किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३ चा, चारला चार मिनिटं कमी असताना. आमच्या चाळीत यावर पुष्कळ तर्क लढवले गेले. हा निव्वळ योगायोग आहे. डहाणूचे हादरे भरदुपारीही बसले आहेत. पहाटेचा भूकंप लक्षात राहतो, कारण माणसं झोपेत दगडमातीच्या घरांत सापडतात.

आईचा तो हंडा, पोचा पडलेला, माझ्याकडे आहे आणि जमिनीवर ठेवलेला आहे. तुमच्याही उशावर फळी असेल तर तिच्यावरचं जड सामान आजच खाली उतरवा.