रुतलेली जीप आणि दोन आकडे

चिखलात रुतलेली जीप ओढून काढायची, तर दोर कुठे बांधाल? बंपरला मुळीच नको! बंपर असतो तो लहानसहान धक्के सोसण्यासाठी. ओढ सोसण्यासाठी नव्हे. तो उपटला, तर ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा त्याला दगडासारखा भिरकावते. म्हणून पोलादी आकडे चासीच्या दोन्ही लांब तुळयांना जाड बोल्टांनी पक्के बसवतात.

आकडे दोन का? ओढ दोन्ही तुळयांत वाटली जावी म्हणून. दोन्ही आकड्यांचे दोर पुढे एकत्र बांधून ओढतात. समजा, १००० किलोग्रॅम-भार ओढ हवी आहे. दोर जवळजवळ समांतर असतील, तर प्रत्येकावर सुमारे ५०० किलोग्रॅम-भार ताण येईल. त्यांच्यातील कोन ६० अंश असेल तर ५७७. आणि १२० अंश असेल तर पूर्ण १०००! मग दुसऱ्या आकड्याचा उपयोग काय? यासाठी दोर लांब घ्यावेत. कोन लहान राहतो.

करून पाहा : १ किलोग्रॅमचे वजन दोन ताणकाट्यांना दोऱ्यांनी टांगा. हात हळूहळू दूर न्या आणि काटे वाचा.

एक मात्र विसरू नका. जीप ओढली जात असताना ताणलेल्या दोराजवळ कोणीही उभे राहू नये.