इवलासा दिवा व त्याची मर्यादा



मोटारींतील बटणांमागें इवलेसे दिवे असतात. दिवसा त्यांच्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत रात्रीं घाट उतरत असतां आमच्या गाडीची पुढची कांच आंतून वाफेनें धुरकट झाली, आणि कांचेवर वारा सोडण्याच्या बटणाचा दिवा गेलेला असल्यामुळें चालकदादांना तें चांचपडून शोधावें लागलें. क्षणभर त्यांची दृष्टि रस्त्यावरून ढळली. देवाच्या कृपेनें अपघात टळला. पण तो दिवा बदलावयाचाच, असें आम्हीं त्याच रात्रीं ठरविलें.

विजेच्या कामाची हौस असलेल्या एका विद्यार्थ्यानें नवा पांढरा एल्. ई. डी. दिवा आणला, व तपासून पाहावा म्हणून तो सरळ मोटारीच्या बॅटरीस लावला. दिवा एकदम लखलखला आणि कायमचा विझला. "दिवाच खराब निघाला," असें तो म्हणाला. खरोखर दोष कोणाचा?

जुन्या बल्बमध्यें तार तापून प्रकाश पडतो. एल्. ई. डी. हा डायोड आहे. त्यांतून प्रवाह एकाच दिशेनें वाहतो, म्हणून उलटा जोडल्यास तो लागत नाहीं. शिवाय, ठराविक दाबाच्या पुढें दाब थोडा जरी वाढला तरी प्रवाह फार झपाट्यानें वाढतो व दिवा जळतो. तांबड्या दिव्यास सुमारें २ व्होल्ट व पांढऱ्यास सुमारें ३ व्होल्ट पुरतात. मोटारीची बॅटरी मात्र १२ व्होल्टची. आणि इंजिन चालू असतां दाब १४ व्होल्टपर्यंत जातो. वरचे ११ व्होल्ट कोणी सोसावे? तें काम रोधकाचें, म्हणजे रेझिस्टरचें. प्रवाह १० मिलिॲम्पिअर, म्हणजे ०.०१ ॲम्पिअर ठेवावयाचा असेल, तर ११ ला ०.०१ नें भागावें. उत्तर येतें ११०० ओहम. बाजारांत सहज मिळणारा १२०० ओहमचा रोधक चालतो. वर्गांत शिकविलेला ओहमचा नियम तो हाच!

आतां कृति पाहूं. सर्वच बटणें अंधारलीं असतील, तर आधीं फ्यूज पाहावा. एकच अंधारलें असेल, तर त्याचा दिवा. काम वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें, व प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. सुकाणूच्या चाकावरील बटणांना मुळींच हात लावूं नये. तेथें एअरबॅग असते, तें काम कारखान्यांतील जाणत्या कारागिरासच द्यावें. इतर बटण प्लॅस्टिकच्या पट्टीनें हळूच उचकटावें. जुना दिवा काढण्यापूर्वीं त्याची दिशा कागदावर काढून ठेवावी. नवा दिवा मल्टिमीटरच्या डायोड-चांचणीवर तपासावा. सोल्डरिंग आयर्न दिव्यास दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवूं नये. बटणाच्या आंतील पट्टीवर बहुधा रोधक मुळांतच बसविलेला असतो. तो काढूं नये.

आमच्या विद्यार्थ्यानें हें गणित स्वतः मांडलें. दुसरा दिवा त्यानें रोधक लावून तपासला, योग्य दिशेनें बसविला, आणि तो लागला. आपली चूक त्यानें सर्वांसमक्ष कबूल केली, याचा मला त्या दिव्याहूनहि अधिक आनंद झाला.

या एवढ्याशा वस्तूमागें केवढे श्रम आहेत! निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं तांबडा प्रकाश देणारा एल्. ई. डी. करून दाखविला; पांढऱ्या प्रकाशास आवश्यक असा तेजस्वी निळा दिवा साधण्यास पुढें सुमारें तीस वर्षें लागलीं. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मुलांनो, रोधकानें दिव्याचा प्रकाश हिरावून घेतला नाहीं. त्यास जिवंत ठेविलें. घरीं आईवडील व शाळेंत गुरुजन तुम्हांस जी मर्यादा घालतात, तिचा विचार या दृष्टीनें करून पाहा.