मोरीचे पाणी जाते कुठे? ड्रेनेजची जोडणी घेताना

वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते आणि नेमक्या त्याच महिन्यांत वस्तीतल्या दवाखान्यात जुलाब, टायफॉईड, काविळीची रांग लागते. पावसाला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण पाऊस फक्त आधीपासून साचलेली घाण हलवतो. ती तिथे आली कशी हे पाहायचे तर आपल्याच मोरीपासून सुरुवात करावी लागते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही औषधाबद्दल न लिहिता पाइपाबद्दल लिहीत आहोत.

२०१४ नंतर अनुदानातून वस्त्यांमधल्या बऱ्याच घरांत संडास झाले. चांगलेच झाले, पहाटे अंधारात बाहेर जाण्याचा त्रास आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. पण संडासाचा पाइप कुठे सोडला असे विचारले की अनेकदा बोट दारासमोरच्या उघड्या गटाराकडे जाते. म्हणजे मैला घरातून निघाला आणि उंबऱ्यापाशी थांबला.

शहरात रस्त्याखाली दोन वेगळ्या वाहिन्या असतात, हे आधी समजून घेऊ. एक मलवाहिनी, जिला आपण ड्रेनेज लाइन म्हणतो. तिच्यातले पाणी मलशुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे असते. दुसरे पावसाळी गटार, जे सरळ नाल्याला, नदीला किंवा खाडीला मिळते. संडासाचे पाणी पावसाळी गटारात सोडले तर ते मुंबईत मिठी नदीत, नागपुरात नाग नदीत जसेच्या तसे जाते. उलट पत्र्यावरचे पावसाचे पाणी ड्रेनेज लाइनीत सोडले तर एवढे पाणी त्या लाइनीला पेलत नाही आणि मॅनहोलची झाकणे उचलली जातात. दोन्ही चुकीचे. पन्हळीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेली घरे आम्ही पुष्कळ पाहतो. पहिल्या मोठ्या पावसात त्याचा त्रास त्या घराला नाही, खालच्या अंगाच्या घराला होतो.

याचा आजाराशी संबंध असा. आपल्या गल्लीत पिण्याच्या पाण्याचा पाइप बहुतेक वेळा गटाराच्या कडेने, कधी कधी तर गटारातूनच गेलेला असतो. नळाला पाणी दिवसातून तास-दोन तास येते. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो, त्यामुळे फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब जातो आणि त्याच सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळाला पहिल्यांदा येते ते हे पाणी. म्हणून पहिली बादली पिण्यासाठी भरू नये, आणि पावसाळ्यात प्यायचे पाणी उकळून घ्यावे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती पाण्यात मिसळलेल्या मैल्यामुळेच. या पाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर गावठी औषधाच्या नादी न लागता त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

आता जोडणीकडे येऊ. मुख्य लाइन किंवा मॅनहोल आपल्या हाताने फोडून पाइप घुसवू नये. तसे करणे बेकायदेशीर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे फोडलेल्या जागेतून माती आत जाते आणि सगळ्या गल्लीची लाइन बसते. जोडणी परवानाधारक प्लंबरकडून, पालिकेच्या मंजुरीने आणि चेंबरमध्येच करायची असते. चेंबरच्या तळाला सिमेंटची अर्धगोल पन्हळ असते. आपला पाइप तिच्यात वाहत्या पाण्याच्या दिशेने वळवून सोडावा. पाइप प्रवाहाच्या विरुद्ध तोंडाने बसवला तर मैला तिथेच अडतो.

संडासाला चार इंचांहून लहान पाइप चालत नाही. त्याला उतार किती? गवंड्यांचा जुना हिशोब असा, की चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. म्हणजे चार इंची पाइप दहा फूट लांब असेल तर शेवट तीन इंच खाली यायला हवा. ‘अंदाजाने दिलाय’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. लेव्हल ट्यूब लावून बघायला पाच मिनिटे लागतात, आणि नीट उतार न मिळालेला पाइप पुढे दर महिन्याला तुंबतो. जिथे पाइप वळतो तिथे चेंबर ठेवावे, नाहीतर तुंबल्यावर फरशी फोडावी लागते.

मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात दोनेक इंच पाणी कायम उभे राहते आणि ते पाणीच गटाराचा वायू आणि झुरळे अडवते. पैसे वाचवायला काही जण ट्रॅप न लावता सरळ पाइप जोडतात. मग रात्रभर घरात वास. गावाला जाऊन पंधरा दिवसांनी परतलात तर ट्रॅपमधले पाणी सुकलेले असते, तांब्याभर पाणी ओतले की झाले. व्हेंट पाइप छपराच्या वर न्यावा, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर संपवू नये, आणि त्याच्या तोंडाला मच्छरजाळी बांधावी.

पाण्याचा पाइप ड्रेनेजच्या पाइपापासून जेवढा लांब आणि जेवढा वर ठेवता येईल तेवढा ठेवावा. चार फुटांच्या बोळात लांब ठेवणे जमत नाही, हे खरे. पण वर ठेवणे जमते, आणि जिथे दोन पाइप एकमेकांना ओलांडतात तिथे पाण्याच्या पाइपाला सांधा येणार नाही एवढे तरी जमतेच.

एक गोष्ट आपल्या वस्त्यांतच जास्त दिसते. दर दोन-चार वर्षांनी निवडणुकीच्या तोंडावर गल्लीत नवा काँक्रीटचा थर पडतो. गल्ली वर येते, घर खाली जाते. ज्या घराची जमीन मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे, त्याच्या संडासातून लाइन तुंबताच उलटे पाणी येते. अशा घरांनी पाणी मागे न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. आणि नवा थर टाकण्याआधी जुना उकरा, अशी मागणी काम सुरू व्हायच्या आधी करावी. नारळ फुटल्यावर कोणी ऐकत नाही.

लाइन तुंबते कशाने? पॅड, डायपर, जुन्या साडीचे तुकडे, केस, उरलेले अन्न. चुल्लवग्गात भिक्खूंनी संडास कसा वापरावा याचे नियम आहेत: आत जाण्याआधी बाहेरून खाकरावे, आत कोणी असेल तर त्याने खाकरून उत्तर द्यावे, घाण झाली असेल तर धुवावी, पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरून ठेवावे. मागून येणाऱ्याचा एवढा विचार तेव्हा होता. आपल्या लाइनीत मागून येणारा माणूस म्हणजे ती साफ करणारा. तो कोणत्या समाजाचा असतो हे आम्ही सांगायला नको.

मॅनहोल आणि सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. काडी पेटवून पाहणे तर आणखी धोक्याचे, कारण आत मिथेन असतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत साफसफाईसाठी उतरवणे हा गुन्हा आहे: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा पालिकेला आणि ठेकेदाराला लागू आहे, तसा घरमालकालाही. नाक्यावरच्या पोराला पाचशे रुपये देऊन ‘जरा उतर रे’ म्हणणारा आपल्यातला असला, तरी तो गुन्हाच करतो. अशा मृत्यूत कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. लाइन तुंबली तर जेटिंग मशीन, टाकी भरली तर सक्शनची गाडी, हीच मागणी करावी. ड्रेनेजची जोडणी मिळाल्यावर जुनी टाकी गाडीने उपसून घेऊन मुरूम किंवा वाळूने भरावी. रिकामी टाकीसुद्धा माणूस मारते.

काम झाले की खड्डा बुजवण्याआधी पाइपाचे खालचे तोंड बंद करून वरून पाणी भरावे आणि थोडा वेळ थांबावे. पाणी उतरले तर सांधा गळतो आहे. मग एक बादली दाट निळीचे पाणी संडासात ओतावे. पांढऱ्या कपड्यांसाठी नीळ आपल्या घरात असतेच. निळे पाणी ड्रेनेजच्या मॅनहोलमध्ये दिसले तर जोडणी बरोबर. नाल्यात दिसले तर प्लंबरला परत बोलवावे, आणि तोवर पैसे पुरते देऊ नयेत.

अर्ज एकट्याने करण्यापेक्षा गल्लीने मिळून करावा. दहा घरांचे दहा पाइप दहा उतारांनी टाकण्यापेक्षा एक सहा इंची लाइन आणि प्रत्येक घराला चेंबर, हे स्वस्त पडते आणि टिकते. सोबत फोटोपास किंवा घरपट्टीची पावती, ओळखपत्र आणि गल्लीचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. नकाशात घरे, सध्याचे गटार, पाण्याचा पाइप आणि जवळचे मॅनहोल दाखवावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ड्रेनेज जोडणी ही ठरलेल्या मुदतीत द्यायची सेवा आहे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपिलासाठी कागद लागतो. म्हणून अर्जाची पोचपावती शिक्का आणि तारखेसह घ्यावी, आणि तिच्या दोन झेरॉक्स काढून एक विहाराच्या कपाटात ठेवावी.