चौथ्या पावलावर

तांदळाच्या सात पुंजक्यांपैकी चार मोडून झाले होते. पाचव्यावर नवरी उजवं पाऊल ठेवणार, तेवढ्यात गुरुजींनी मंत्र अर्धाच सोडला आणि वर पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. कातळाच्या पोटाला लटकलेल्या पाच काळ्या पोळ्यांपैकी एकावर लाट फिरत होती, टांगलेल्या पडद्यावरून झुळूक जावी तशी. ते इतकं देखणं होतं की फोटोग्राफरने नवरीला सोडून कॅमेरा तिकडे वळवला. पुढच्या श्वासाला कॅमेरा गवतात पडला होता आणि फोटोग्राफर बांधावरून उड्या मारत सुटला होता.

जागा मी सुचवली होती.

नवरी माझी मावसबहीण. मुलगा मावशीला पसंत नव्हता. ‘काय करायचं ते करा, आम्ही येणार नाही,’ असं तिने फोनवर सांगून टाकलं होतं. मुलाकडून त्याची आई आणि आजी येणार होत्या. बाकी मित्रमैत्रिणी, मी, फोटोग्राफर आणि गुरुजी धरून सगळी मिळून अकरा डोकी. याला पूर्वी पळून जाऊन केलेलं लग्न म्हणायचे. हल्ली पळणारे सासूला आणि आजेसासूला मागच्या सीटवर बसवून नेतात, आणि त्याला ‘इलोपमेंट’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जात नाहीत.

अशा जोडप्यांचा महाराष्ट्रातला वहिवाटीचा रस्ता आळंदीला जातो. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे 1954 च्या कायद्याने, कचेरीत लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. ती फलकावर लागते आणि मग तीस दिवस थांबायचं. घरच्यांना चुकवू पाहणाऱ्यांना हा महिना जड जातो. म्हणून आधी वैदिक लग्न, नंतर नोंदणी. ‘पण ताई, आमच्या मागे पुढचं जोडपं हार घालून उभं असणार,’ असं म्हणत मावसबहिणीने आळंदीवर काट मारली. तिला आभाळ हवं होतं, डोंगर हवा होता. माझ्या फोनमध्ये तो होता.

भोरच्या पलीकडे, वरंध घाटाच्या अंगाला एका वाडीच्या वर हे ठिकाण आहे. लहानसा सडा, त्याच्या मागे चार-पाच माणसं उंचीची कातळभिंत, समोर दरी. भिंतीला वरून थोडी पडवी फुटल्यासारखी कड आलेली, त्यामुळे आडोसा चांगला. मी पाहिलं ते सप्टेंबरात. गवतात सोनकीचा पिवळा सडा पडला होता, खाली ढग होते, आणि भिंतीजवळ बोललं की आवाज घुमत होता. इथे मंगलाष्टकं काय सुरेख लागतील, असं मला वाटलं. जमीन मालकीची, मालक आबा वाडीतच राहणारे. त्यांनी तोंडी हो म्हटलं. लग्नाची तारीख निघाली फेब्रुवारीच्या अखेरची.

या सहा महिन्यांत तिथे एकदा तरी जाऊन यायला हवं होतं. कोणीच गेलं नाही. फोटो होते ना!

फेब्रुवारीत सडा करपून गेला होता. सोनकीच्या जागी गुडघाभर वाळकं गवत, पावलागणिक शालूच्या काठाला कुसळं. आजींना चढाची शेवटची वाट झेपेना, तेव्हा आबांच्या मुलाने त्यांना पाठुंगळी घेतलं. पोचल्या पोचल्या आबा म्हणाले, ‘वर आग्या बसलाय बरं का.’ मी वर पाहिलं आणि म्हणाले, ‘हो का? केवढी मोठी पोळी!’ आम्ही त्यांचे फोटो काढले. आबा सांगत होते ती सूचना होती. मला ती स्थळवर्णनासारखी ऐकू आली. गुरुजींनी शेणी रचल्या, समिधा ठेवल्या, तूप सोडलं. आडोशामुळे वारा नव्हता. धूर सरळ वर गेला.

आग्यामोहोळाच्या माश्या घरच्या पेटीतल्या माश्यांहून बऱ्याच मोठ्या. त्या पोळं उघड्यावर बांधतात, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला किंवा कड्याला. पावसाळ्यात कड्यावरून त्या हलतात आणि पाऊस सरला की पुष्कळदा त्याच कड्याला परत येतात. सप्टेंबरात मला त्या दिसल्या नाहीत, पण कातळावर मेणाचे पिवळट, अर्धगोल डाग होते. तेही माझ्या फोटोत आहेत. ते डाग म्हणजे घरावरची पाटी हे मला नंतर कळलं. पोळ्यावर फिरणारी लाट हाही त्यांचा इशाराच असतो: हजारो माश्या एकामागून एक पोट उचलतात. धूर, अत्तर, दगड, आरडाओरडा यांतलं एखादं कारणही त्यांना पुरतं. आम्ही पहिली दोन पुरवली होती.

आबांनी खांद्यावरची घोंगडी आजींवर टाकली आणि त्यांना तशाच गुंडाळून उचललं. अकरा जणांत एकही डंख न लागलेल्या त्या एकट्याच. बाकीच्यांना ते ओरडून सांगत होते, ‘हात हलवू नका, तोंड झाका, पळा खाली!’ या क्रमाला अर्थ आहे. माशी मारली किंवा तिचा डंख अंगात राहिला की त्या जागेच्या वासावर दुसऱ्या येतात. पाण्यात उडी मारूनही सुटका नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. बंद गाडी किंवा दार लावता येईल असं घर गाठायचं. आमच्या गाड्या अर्धा तास उतरणीवर, आणि त्याही तोंड डोंगराकडे करून लावलेल्या. मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे 108 ची रुग्णवाहिका बोलवायची तरी कशी? पळापळीत होमातली एक शेणी लवंडली आणि गवताने पेट घेतला. धुराने माश्या जरा पांगल्यावर आबांच्या मुलाने ओल्या फांदीने झोडपून ती आग विझवली. वनखात्याच्या लेखी 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा मोसम. जमीन मालकीची असली तरी तिला लागून राखीव जंगल होतं, आणि 1927 च्या वन कायद्याने तिथे आग लावणं गुन्हा आहे. लग्न राहिलं बाजूला, आमच्यावर खटलाच उभा राहिला असता.

नवरीला चौदा डंख, नवऱ्याला नऊ. गुरुजींचा एक डोळा पूर्ण मिटला. तासाभराने सरकारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी आधी सगळ्यांना विचारलं, कोणाला दम लागतोय का, ओठ सुजलेत का, चक्कर येते का. डंखांची ॲलर्जी असणाऱ्याच्या जिवावर एकच डंख बेतू शकतो, आणि तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मिळायला अर्धा तासही उशीर परवडत नाही. अकरा जणांत तसं कोणी निघालं नाही, हे नशीब.

या प्रकारानंतर मी पळून जाण्याच्या कथा नव्याने वाचल्या. रुक्मिणीने कृष्णाला निरोप धाडला, त्यात भेटीची जागाही तिनेच कळवली होती: नगराबाहेरचं देवीचं मंदिर. का? लग्नाच्या आदल्या दिवशी कुलाचाराप्रमाणे नवरी तिथे दर्शनाला जातेच, म्हणजे संशय नाही. शिवाय अंतःपुरातून न्यायचं तर तिच्या नातलगांचं रक्त सांडेल, बाहेरून न्यायचं तर ते टळेल. सुभद्रेला अर्जुनाने नेलं तेही रैवतक डोंगराच्या उत्सवातून, रथ तयार ठेवून. दोन्ही ठिकाणं रम्यच असणार. पण निवडताना पाहिलं गेलं ते येण्याचं निमित्त आणि निघण्याची वाट. विदर्भातल्या कौंडिण्यपूरच्या त्या राजकन्येने आमची परीक्षा घेतली असती तर पहिल्याच प्रश्नात आम्ही नापास झालो असतो.

त्यामुळे हल्ली कोणी ‘एखादी छान जागा सुचव ना’ म्हटलं की मी उलट विचारते, कोणत्या महिन्यात, किती वाजता? एकच जागा दोन महिन्यांत दोन वेगळी गावं असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसतं ते खाली दरीत धुकं आणि पाठीशी सूर्य असं जमलं तरच. मार्चात तिथे ऊन आणि वारा मिळेल. साताऱ्याजवळचं कास पठार फुलतं पावसाळ्याच्या उत्तरार्धात, पण 2012 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, फुलांच्या दिवसांत प्रवेश मोजून दिला जातो, आणि कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की वऱ्हाड नाचलं तर पुढच्या वर्षीचीही फुलं तुडवली जातील. तिथे जोडीने जावं, फुलं पाहावीत, लग्न दुसरीकडे करावं.

किल्ल्यांचा मोह मोठा. केंद्राच्या संरक्षित स्मारकात समारंभ, मेजवानी लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, असा 1959 च्या नियमांतच दंडक आहे. 2019 मध्ये काही किल्ले हॉटेलांसाठी द्यायच्या बातमीने महाराष्ट्र किती पेटला होता ते आठवून पाहा. 2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारशात गेल्यापासून नजर आणखी कडक झाली असेल तर नवल नाही. आणि परवानगी मिळाली तरी, सूर्यास्ताचा फोटो काढून नऊवारीत अंधारात पायऱ्या उतरणं ही हौस एकदाच भागते.

समुद्राचं गणित त्या मानाने सोपं, कारण ते पंचांगात आहे. मुहूर्तासाठी पान उघडलंच आहे तर तिथीची पाऊणपट करा, मुंबईकडच्या भरतीची ढोबळ वेळ हाती येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा: म्हणजे सूर्यास्ताच्या लग्नाला पाणी पायाशी आणि मांडवाला वाळू थोडी. पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणून सहाला ओहोटी, तीही उधाणाची. किनारा लांबवर उघडा पडतो. पश्चिमेला सूर्य बुडतो तेव्हाच मागे माडांवरून चंद्र वर येतो, आणि त्याचं भाडं कोणी मागत नाही. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे या वेळा काहीशा अलीकडे सरकतात. गावातल्या एखाद्या मच्छीमाराला विचारलं तर तो मिनिटांत सांगेल. मात्र वेळास, आंजर्ले किंवा गोव्यातलं मोरजी, आगोंद, गालजीबाग मनात असेल तर थांबा. हे ऑलिव्ह रिडले कासवांचे किनारे आहेत. त्यांचा अंडी घालण्याचा, पिल्लं बाहेर पडण्याचा हंगाम आणि आपली लग्नसराई एकाच वेळी येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तुमच्या दिव्यांच्या माळा समुद्राच्या उलट बाजूला असतील तर ती तिकडेच येतील.

कागदपत्रांच्या बाजूने थोडी सवलत आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. विशेष विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे विवाह अधिकारी जादा शुल्क घेऊन कचेरीबाहेर, ‘वाजवी अंतरा’वरच्या ठिकाणी लग्न लावू शकतो. कडा त्यात बसतो का, हे नोटीस देतानाच विचारावं. तीन साक्षीदार लागतात, होम लागत नाही, म्हणजे धूर नाही. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. तेव्हा फुलांची वाट पाहत बसू नये.

वैदिक लग्न करून नोंदणी करणाऱ्यांनी मात्र विधी पुरा करायलाच हवा. सप्तपदी असलेल्या लग्नात सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 सांगतं. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर ते लग्नच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या एप्रिलमध्ये स्पष्ट केलं. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर सुजल्या तोंडाने बसलेली माझी मावसबहीण त्या दुपारी चार पावलांपुरती विवाहित होती.

‘उरलेली तीन इथेच घेऊ या का?’ नवऱ्याने विचारलं. गुरुजींनी उघड्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘पहिल्यापासून.’

संध्याकाळी सगळे आबांच्या घरी परतलो. आजीबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, अंगण सारवून ठेवलं होतं. ते सकाळीच सारवलं होतं म्हणे. शहरातली माणसं आधी घरी टेकतील, चहा घेतील, असं तिला वाटलं होतं. आम्ही गाडीतून हात हलवून वर गेलो होतो. होम छोटा, विटांच्या चौकटीत, शेजारी पाण्याची कळशी. तांदूळ आमचे सड्यावर सांडले होते, म्हणून तिने घरचे लाल तांदूळ दिले. सातव्या पुंजक्यावर नवरीने पाय ठेवला तेव्हा गोठ्यातली म्हैस ओरडली आणि नवऱ्याची आजी दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने हसली.

परवा आणखी एका जोडप्याने त्या सड्याचा पत्ता मागितला. मी आबांचा नंबर दिला आणि बोलून घ्या म्हटलं. त्यांचा दोन दिवसांनी फोन आला. आबांनी त्यांना लग्नाच्या आधी एकदा मुक्कामाला बोलावलं आहे, त्याच महिन्यात, त्याच वेळी वर नेऊन दाखवतो म्हणालेत. येताना अत्तर लावू नका, असंही.