पॅसिव्ह व्हॉइस : कर्ता कोठे गेला?



बी.ए. झाल्यावर नोकरीच्या पहिल्याच अर्जात मी ‘आय वॉज पास्ड बी.ए.’ असे लिहिले होते. मुलाखतीत एका साहेबांनी हसत विचारले, “तुम्हाला कोणी पास केले?” मला उत्तर देता आले नाही. ‘पास झालो’ यातील ‘झालो’साठी मी ‘वॉज’ लिहिला होता. हवे होते फक्त ‘आय पास्ड बी.ए.’ तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा पाठ.

आपली मुख्य अडचण मराठीतून येते. ‘सुनीताने पत्र लिहिले’, ‘सुनीताने चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग आहे. म्हणून मुले लगेच ‘लेटर वॉज रिटन बाय सुनीता’ करतात. परंतु या वाक्याचे सरळ इंग्रजी ‘सुनीता रोट अ लेटर’ असे अ‍ॅक्टिव्हच होते. ‘ने’ दिसला की ‘बाय’ लिहिण्याची सवय सोडावी. इंग्रजी पॅसिव्हशी जुळते ती ‘सुनीताकडून पत्र लिहिले गेले’ ही रचना. हिला नवीन कर्मणी म्हणतात.

रूपांतर असे करावे :

१) कर्म वाक्याच्या आरंभी आणावे. कर्म नसेल तर पॅसिव्ह होत नाही. ‘ही केम’चे पॅसिव्ह करू नये.
२) ‘बी’चे रूप मूळ वाक्याच्या काळाप्रमाणे आणि नव्या कर्त्याच्या वचनाप्रमाणे घ्यावे.
३) त्यापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप लिहावे.
४) जुना कर्ता आवश्यक असेल तरच ‘बाय’ लावून शेवटी द्यावा. तेव्हा ‘ही’चे ‘हिम’, ‘शी’चे ‘हर’ होते.

काळानुसार रूपे पाठ करावीत :

राइट्स – इज रिटन
रोट – वॉज रिटन
इज रायटिंग – इज बीइंग रिटन
हॅज रिटन – हॅज बीन रिटन
विल राइट – विल बी रिटन
मस्ट राइट – मस्ट बी रिटन

आता प्रश्न असा, की पॅसिव्ह वापरावा केव्हा? कर्ता ठाऊक नसेल किंवा सांगण्याची गरज नसेल तेव्हा. आमच्या बँकेच्या कामात ‘द चेक वॉज रिटर्न्ड’ हे वाक्य रोजचे. तेथे कारकुनाचे नाव कोणाला हवे असते? पण ‘युअर अ‍ॅप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड’ असे पत्र हाती आले, तर ‘बाय हूम?’ हा प्रश्न मनात आलाच पाहिजे. पॅसिव्हमध्ये कर्ता लपू शकतो. व्याकरण येणाऱ्यास तो शोधता येतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्या संविधानात आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या या संविधानाचे १७ वे कलम इंग्रजीतून वाचा. अस्पृश्यतेविषयी क्रियापद आहे ‘इज अबॉलिश्ड’. नष्ट कोणी केली, ते कलमात नाही. मग उद्देशिका उघडा. ती अ‍ॅक्टिव्हमध्ये आहे आणि कर्ता पहिल्याच शब्दांत आहे : ‘वुई, द पीपल’, म्हणजे आपण सर्व. कर्ता तेथे एकदा ठामपणे सांगितला आहे, म्हणून पुढे पुन्हा सांगावा लागला नाही.

स्वाध्याय : पुढील वाक्यांचे पॅसिव्ह करा.
१) शी टीचेस इंग्लिश.
२) दे हॅव बिल्ट अ लायब्ररी.
३) वुई विल हेल्प हिम.

उत्तरे वहीत लिहा आणि प्रत्येक वाक्याला विचारा, “कर्ता कोठे गेला?”