वृद्धांची शुश्रूषा आणि परिचारिकांचे संशोधन

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नवी यंत्रे आणि जमाखर्च यांना मानाचे पान मिळते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस पालटणे, या कामाची नोंद मात्र त्यात कोठेच येत नाही. सन २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्क्यांहून अधिक होते. अमरावती-अकोल्याकडील वॉर्डांत त्याचा प्रत्यय येतो. खुब्याचे हाड मोडलेल्या आजी, लकव्याने एक अंग लुळे पडलेले आजोबा आणि उशाशी बसलेली सून. मुलगा बहुधा पुण्यास नोकरीला. या वृद्धांना सर्वाधिक छळणाऱ्या शय्याव्रणाचा, म्हणजे बेडसोअरचा, विचार आम्ही येथे मांडत आहोत.

दीर्घकाळ एकाच स्थितीत पडून राहिल्याने माकडहाड, खुबा व टाच येथील कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपली जाते. तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि पेशी मरू लागतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. अशक्त वृद्धाला ते साधत नाही. जखम वरून रुपयाएवढी दिसली तरी आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. तिचा संसर्ग रक्तात पसरल्यास, मोडलेले हाड जुळत आले असतानाही रुग्ण दगावतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या तपोवनामुळे कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांवरील जखमा अमरावतीकरांना परिचित आहेत. त्यांच्याही मुळाशी बहुधा न जाणवलेला दाबच असतो.

पूर्वी यावर स्पिरिट, पावडर, मलम चोळण्याची वहिवाट होती. तिची पारख केली ती एका परिचारिकेने. लंडनमधील डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून तो १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. लेप कोणताही लावा, खरा उपयोग होतो तो दाब वेळच्या वेळी हलविण्याचा, असे त्यातून दिसले. त्यांनी एक सोपी गुणपद्धतीही दिली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यावयाचे. वीसपैकी चौदा किंवा कमी गुण मिळाले की रुग्ण धोक्यात समजावा. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि पाहणारा डोळा एवढेच लागते.

आपल्या घरांतून टाचेखाली किंवा कमरेखाली चुंबळ ठेवण्याची रीत आहे. हेतू मायेचा, परंतु चुंबळीच्या कडेने दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा अधिकच अडतो. त्याऐवजी पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहू द्यावी. डाग पडलेली जागा चोळू नये. हा डाग लालसर असतो असे इंग्रजी पुस्तके सांगतात. आपल्याकडील सावळ्या कातडीवर ती लाली बहुधा दिसतच नाही. म्हणून हाताने चाचपून आजूबाजूपेक्षा ऊब किंवा टणकपणा अधिक आहे काय, ते पाहावे लागते. नातेवाइकांनी एवढे शिकून घेतले तरी परिचारिकेचा दुसरा डोळाच लाभला म्हणावयाचा.

कूस किती वेळाने पालटावी, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. दर दोन तासांनी, हा रूढ नियम. नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचारिका-संशोधिकेच्या नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील २७ शुश्रूषागृहांत ९४२ वृद्धांचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, घनदाट फोमच्या गादीवर दोन, तीन वा चार तासांच्या अंतराने फारसा फरक पडत नसल्याचे आढळले. वाचून हायसे वाटते. वृद्धाची झोपमोड टळेल आणि रात्रपाळीच्या परिचारिकेचा वेळही वाचेल. पण आमच्या खाटांवर कापसाच्या आणि काथ्याच्या गाद्या आहेत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, घामाने पाठ ओली राहते आणि ओली कातडी लवकर सोलवटते. तेथील चार तास येथे उसने आणता येणार नाहीत. त्यांचा पडताळा येथील परिचारिकांनीच, येथील गाद्यांवर, येथील उन्हाळ्यात घेतला पाहिजे.

वाणिज्य शाखेतून आलेल्या आमच्यासारख्यांना हिशेबाची एक अडचण जाणवते : न झालेल्या जखमेसाठी खतावणीत रकाना नसतो. देणगीदारांचे नाव यंत्रावर कोरता येते, रात्री दोन वाजता पालटलेल्या कुशीवर कसे कोरणार? तरीही विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी यंत्राची नाही. वृद्धांच्या काही खाटांसाठी फोमच्या गाद्या, रात्रपाळीस एक जादा परिचारिका, आणि प्रत्येक वृद्धाचे दाखल होतानाचे गुण, कूस पालटल्याची वेळ व कातडीची स्थिती लिहिण्यासाठी छापील तक्ते, एवढेच हवे आहे. पहिली नोंद उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू व्हावी, अशी परिचारिकांची सूचना आहे. वर्षभराच्या नोंदींतून जे दिसेल ते, अनुकूल असो वा प्रतिकूल, पुढील अहवालात जमाखर्चाच्या शेजारी छापण्यात येईल.