गावतळ्याचे पाणी आणि वरचे शेत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत जुने तलाव हजारांनी मोजावे इतके आहेत. त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजाच्या कष्टाळू शेतकऱ्यांनी बांधले. गोंड राजांच्या अमलात जो तळे बांधील त्यास जमीन बहाल होत असे, असे जुने लोक सांगत आले आहेत. पुढे मालगुजारी पद्धती आली, तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले आणि ‘मालगुजारी तलाव’ हे नाव त्यांस कायमचे चिकटले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व १९५१ साली हे तलाव सरकारच्या मालकीचे झाले. मालक बदलले, परंतु तलावाचे काम बदलले नाही. धानाच्या बांधीस ओलीत, गुरांस पाणी, ढिवरांस मासळी आणि गावच्या विहिरींस पाझर, इतक्यांचे पोट एका पाळीवर अवलंबून असते.

तलावाची पाळ फुटली तर सारा गाव फावडी घेऊन धावतो. पाणी बिघडले तर मात्र कोणी धावत नाही. कारण ते एका रात्रीत बिघडत नाही आणि कोणा एकाच्या हातून बिघडत नाही. या लेखात सांगावयाचे ते एवढेच की, पाणी तळ्यात बिघडलेले दिसते खरे, पण ते बिघडते वरच्या शेतात आणि गावच्या गटारात. यास्तव ते राखण्याचे कामही तेथूनच सुरू झाले पाहिजे.

पाणी बिघडते म्हणजे काय होते?

निरोगी तळ्यात तीन प्रकारच्या वनस्पती असतात. काठाच्या उथळ पाण्यात लव्हाळे, देवधान यांसारखी गवते. त्यापुढे कमळासारख्या तरंगत्या पानांच्या वेली. आणि खोल पाण्यात बुडून वाढणारी शेवाळासारखी पाणवनस्पती. काठाची गवते वाहून येणारी माती अडवितात. बुडालेल्या वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात व मासे त्यांच्या आधाराने अंडी घालतात. तळे आपले पाणी आपणच शुद्ध ठेवते, ते या वनस्पतींच्या जोरावर.

या पाण्यात नत्र व स्फुरद प्रमाणाबाहेर आले, की डोळ्यांस न दिसणारी सूक्ष्म शैवाले भराभर वाढतात. पाणी हिरवे व दाट होते. खालच्या वनस्पतींस ऊन मिळत नाही, त्या मरतात. मग शैवालही मरून तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. रात्री प्राणवायू तयार होत नाही, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले, तर तळ्याचा श्वास कोंडला आहे असे खुशाल समजावे. काही जातींच्या शैवालापासून विषही निर्माण होते. असले पाणी पिऊन गुरे दगावतात.

एका गोणीचा हिशेब

शेतकऱ्यास हिशेब कळतो, म्हणून हिशेबच मांडू. डीएपी खताच्या ५० किलोच्या गोणीत शेकडा ४६ प्रमाणे २३ किलो स्फुरद असते. त्यात शुद्ध फॉस्फरस सुमारे १० किलो. जोराच्या पावसापूर्वी खत फेकले आणि त्याचा केवळ दहावा हिस्सा वाहून गेला, तर एक किलो फॉस्फरस तळ्यात गेला. अनुकूल स्थितीत एवढ्यावर पाचशे किलोपर्यंत ओले शैवाल पोसले जाऊ शकते. आपण दाम मोजून आणलेले खत धानास न लागता शैवालास लागते, हा दुहेरी तोटा होय. स्फुरद मातीच्या कणांस चिकटून राहते, म्हणून बांध फुटून माती गेली की तेही गेले. नत्राचा नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून विहिरीपर्यंत झिरपतो. पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा असे आपल्या देशाचे मानक आहे. तान्ह्या मुलांस त्याचा धोका विशेष असतो.

अर्जुनी-मोरगावचा दाखला

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील काही तलावांवर झालेले काम प्रत्येक गावाने समजून घेण्यासारखे आहे. तेथील तलावांत बेशरम माजली होती. ही वनस्पती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि कांडीचा तुकडा ओलीत पडला तरी रुजतो. तिने काठ व्यापला, देशी पाणवनस्पती हटल्या आणि त्यांबरोबर देशी मासेही कमी झाले. बाहेरून आणून सोडलेल्या काही माशांनी, विशेषतः गवत्या माशाने, उरलेली हिरवळही खाल्ली.

तेथील ढिवर मच्छीमारांनी निसर्गाच्या अभ्यासकांच्या साह्याने या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून हे काम हाती घेतले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्या वडीलधाऱ्यांपाशी होतेच. त्यांनी बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तळ्याचा कोरडा भाग नांगरून घेतला, आणि पाणी भरल्यावर जवळच्या चांगल्या तळ्यांतून देशी वनस्पती आणून हातांनी लावल्या. या लावणीत स्त्रियांचा वाटा मोठा होता. पुढे देशी मासळी वाढली व पाखरेही परत आली. शेतकऱ्याने येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, ज्यांच्या नावे एक गुंठाही जमीन नाही अशा लोकांनी हे तलाव राखले. आणि ज्यांच्या शेतांचे पाणी त्या तळ्यांत उतरते, ते आपण होत.

नुसते तळे स्वच्छ करून भागत नाही

तळे साफ केले आणि वरून येणारे पाणी तसेच राहिले, तर काय होते याचा दाखला परदेशात मिळतो. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवर ईरी नावाचे प्रचंड सरोवर आहे. शहरांच्या सांडपाण्याने ते बिघडले, म्हणून दोन्ही देशांनी १९७२ साली करार केला, सांडपाणी शुद्ध करण्याचे कारखाने सुधारले, आणि सरोवर पुष्कळ सुधारले. पुढे शेतांतून विरघळून येणारा फॉस्फरस वाढला व शैवाल पुन्हा माजले. ऑगस्ट २०१४ मध्ये काठच्या टोलेडो शहराच्या नळांत त्याचे विष आढळले आणि चार लाखांवर लोकांस सुमारे तीन दिवस ते पाणी पिण्याची मनाई झाली. पाणी उकळून उपयोग नव्हता. उकळल्याने हे विष जात नाही, उलट दाट होते. तेथील शेतकरी काही दुष्ट नव्हते. प्रत्येकाच्या शेतातून थोडेच जात होते. थोडे थोडे मिळून सरोवरभर झाले.

आपले तलाव लहान, म्हणून ते लवकर बिघडतात. पण लहान असल्यामुळेच ते गावाच्या हातात आहेत.

शेतकऱ्याने काय करावे?

१. माती तपासल्यावाचून स्फुरदाचे खत देऊ नये. पूर्वी दिलेले बरेचसे जमिनीत शिल्लक असते.

२. आकाश भरून आले असता खत फेकू नये. स्फुरद चिखलणीच्या वेळी देऊन चिखलात मिसळावे. युरिया एकदम न देता रोपांच्या गरजेप्रमाणे दोन-तीन वेळा विभागून द्यावा.

३. खत दिल्यावर निदान पाच-सहा दिवस बांधीचे पाणी बाहेर सोडू नये. धुऱ्याची डागडुजी रोवणीपूर्वीच करावी.

४. तळ्यास मिळणाऱ्या नाल्याच्या काठी गवताचा पट्टा राखावा. पट्ट्याने थोडी जमीन अडते हे खरे, पण त्याचे गवत वैरणीस येते आणि माती शेतातच राहते.

५. औषध फवारण्याचे पंप व डबे तळ्यात किंवा पाटात धुऊ नयेत. शेणखताचा ढीग ओहोळाच्या वाटेवर घालू नये.

६. तळ्याचा गाळ शेतात न्यावा. त्याबरोबर साठलेले स्फुरदही बाहेर निघते. सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली ती याच हेतूने. मात्र गाळाखालची मूळ जमीन खणू नये, आणि काठाची देशी गवते सरसकट खरवडू नयेत.

गावाने काय ठरवावे?

गावचे गटार थेट तळ्यात सोडू नये. घरोघर शोषखड्डे करावेत. गुरे व कपडे धुण्यास वेगळी जागा नेमावी. बेशरम व जलपर्णी दिसताच उपटावी. माजल्यावर दसपट श्रम पडतात. कोणते मासे सोडावयाचे व किती पाणी राखावयाचे हे ठरविताना मच्छीमार संस्थेच्या लोकांस बैठकीत बरोबरीने बसवावे.

या भागातील तलाव पुष्कळ ठिकाणी साखळीने बांधलेले आहेत. वरच्याचे जादा पाणी सलंगावरून खालच्यात उतरते. वरच्या गावाने श्रम करावयाचे आणि लाभ खालच्या गावास व्हावयाचा, अशी तक्रार म्हणूनच निघते. तीत तथ्य आहे. परंतु बहुतेक गावांच्या वरही कोणाचे तरी शेत असतेच. आपल्या तळ्यात जे उतरू नये असे आपणांस वाटते, ते आपण खाली सोडू नये, हा न्याय एकदा मान्य झाला की दोन गावांची बैठक घेणे अवघड नाही.

पाणी सुधारते की बिघडते, हे पाहण्यास प्रयोगशाळा नेहमीच लागते असे नाही. एक पांढरी थाळी दोरीस सपाट बांधून, जड करून, नेहमीच्या एकाच जागी पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होईल तेथे दोरीवर खूण करून खोली मोजावी, व महिन्यातून एकदा हा आकडा वहीत लिहावा. पावसाळ्यात पाणी गढूळ असणारच. म्हणून कार्तिकाचा आकडा मागील कार्तिकाशीच ताडून पाहावा. शाळेतील मुले हे काम आनंदाने करतील. तीन वर्षांची वही हाती असली, म्हणजे बैठकीत कोणाचा आवाज मोठा हे पाहावे लागणार नाही, वहीच बोलेल.

तलाव बांधणाऱ्यांनी पाळ घातली, तुडुम बसविला, सलंग काढला, आणि ते निघून गेले. त्यांनी राखून ठेवलेले पाणी आपण ज्या स्थितीत पुढच्या पिढीच्या हाती देऊ, त्यावरून आपली शेती कशी होती हे लोक ओळखतील.